पायथनचा प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये कसा बांधावा

पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या संगणकावर नीट चालू लागला की पुढची अडचण उभी राहते ती तो दुसऱ्याच्या हाती देण्याची. पाच-सहा फाइली, साच्यांचे एक फोल्डर, दोन-तीन बाहेरच्या लायब्रऱ्या आणि त्या कशा बसवायच्या याच्या सूचना, असे सगळे गाठोडे पाठवावे लागते, आणि घेणाऱ्याकडून त्यातली एखादी पायरी सुटली की प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला थांबतो. हे टाळण्याची सोय पायथनमध्येच आहे. संपूर्ण प्रोग्रॅम, त्याच्या लायब्रऱ्यांसह, एका झिप फाइलमध्ये बांधता येतो आणि इंटरप्रिटर ती फाइल न उलगडता थेट चालवतो. ज्यांनी याआधी असे काही केलेले नाही त्यांच्यासाठी ही रीत येथे क्रमाने मांडली आहे. बांधण्याची कमांड एका ओळीची आहे. खरे काम त्याआधीचे आहे, आणि ते म्हणजे आपण एखाद्या फोल्डरमध्ये राहतो हे प्रोग्रॅमने गृहीत धरू नये याची काळजी घेणे. म्हणून लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे.

वाचताना एक संकेत लक्षात ठेवावा. कमांड, फाइलींची नावे आणि कोड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टंकताना ते नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टंकावेत. डॅश, अंडरस्कोर, टिंब, कंस ही चिन्हे जशीच्या तशी ठेवावीत. फोल्डरांची आणि मॉड्यूलांची नावेही रोमन अक्षरांतच, लहान लिपीत आणि मोकळी जागा न सोडता ठेवावीत.

हे मुळात शक्य का होते?

झिप फाइलची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. आत कोणकोणत्या फाइली आहेत आणि त्या कुठे सुरू होतात याची यादी वाचण्यासाठी झिप वाचणारा प्रोग्रॅम शेवटापासून सुरुवात करतो, त्यामुळे फाइलच्या अगदी आरंभी दुसरा काही मजकूर जोडला तरी झिप बिघडत नाही. लिनक्स आणि मॅकवर फाइल कशाने चालवायची हे मात्र पहिल्या ओळीवरून ठरते. ही ओळ पाउंड (#) आणि उद्गारचिन्हाने सुरू होते आणि तिला शेबँग म्हणतात. आरंभी शेबँग आणि पुढे झिप अशी जोडणी केली की ऑपरेटिंग सिस्टिमला ती चालवता येणारी फाइल दिसते आणि पायथनला झिप दिसते.

झिपमधून मॉड्यूल आयात करण्याची सोय पायथन २.३ मध्ये, म्हणजे २००३ साली आली. आत __मेन__.पीवाय नावाची फाइल असलेली झिप थेट चालवण्याची सोय २००८ सालच्या २.६ आवृत्तीत आली. ती कित्येक वर्षे फारशी कुणाच्या लक्षात आली नाही, म्हणून २०१५ साली ३.५ आवृत्तीत झिपअ‍ॅप हे मॉड्यूल प्रमाण लायब्ररीत घालण्यात आले आणि अशा फाइलींना .पीवायझेड हे शेपूट ठरवून देण्यात आले. आज पायथनचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम पिप हाही .पीवायझेड रूपात मिळतो, आणि वायटी-डीएलपी हा व्हिडिओ उतरवण्याचा प्रोग्रॅमही शेबँग जोडलेल्या झिपच्या रूपात वाटला जातो. म्हणजे ही रीत रोजच्या वापरातून तावूनसुलाखून निघालेली आहे.

पहिली पायरी: मांडणी

उदाहरणासाठी सीएसव्ही फाइल वाचून तिचा एचटीएमएल तक्ता करणारा अहवाल नावाचा प्रोग्रॅम घेऊ. तक्त्याचा साचा भरण्यासाठी तो जिंजा२ ही लायब्ररी वापरतो. कामाच्या फोल्डरमध्ये अहवाल नावाचे पॅकेज असावे, त्यात __इनिट__.पीवाय, मुख्य काम करणारी सीएलआय.पीवाय आणि साचे नावाचे उपफोल्डर, आणि त्या उपफोल्डरात तक्ता.एचटीएमएल. पॅकेजच्या बाहेर, त्याच्या शेजारी, __मेन__.पीवाय ही फाइल ठेवावी. तिच्यात एवढेच असावे:

इम्पोर्ट सिस
इफ सिस.व्हर्जन_इन्फो < (३, ९):
    सिस.एक्झिट("पायथन ३.९ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी")
फ्रॉम अहवाल.सीएलआय इम्पोर्ट मेन
सिस.एक्झिट(मेन())

झिपअ‍ॅपला -एम हा पर्याय देऊन अहवाल.सीएलआय:मेन असे सांगितले तर तो स्वतःच __मेन__.पीवाय तयार करतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच मार्ग शिकवला जातो. नवख्यांनी तरीही ही फाइल हाताने लिहावी असे माझे मत आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. झिपअ‍ॅपने तयार केलेली फाइल मेन हे फंक्शन नुसते बोलावते आणि त्याने परत केलेले मूल्य टाकून देते. त्यामुळे मेनने अपयश म्हणून १ परत केला तरी प्रोग्रॅम यशस्वी झाल्याचेच बाहेर कळते, आणि हा प्रोग्रॅम रात्री आपोआप चालणाऱ्या एखाद्या कामात जोडलेला असेल तर चूक कुणाच्याच ध्यानात येत नाही. दुसरे कारण आवृत्तीचे. घेणाऱ्याकडे जुने पायथन असेल तर नव्या वाक्यरचनेच्या पहिल्याच ओळीला त्याला न समजणारी त्रुटी दिसते. वरची तपासणी बाकीचे मॉड्यूल आयात होण्याआधी होते, म्हणून त्याला स्वच्छ शब्दांत कारण कळते. ही तपासणी उपयोगी पडावी यासाठी __मेन__.पीवायमध्ये नव्या पायथनची कोणतीही वाक्यरचना वापरू नये. दोन्ही गोष्टी एकत्र मात्र चालत नाहीत: फोल्डरमध्ये __मेन__.पीवाय असताना -एम दिला तर झिपअ‍ॅप नकार देतो.

दुसरी पायरी: मार्गांची सफाई

बहुतेक प्रोग्रॅम अडतात ते येथे. आपल्या शेजारच्या फाइली शोधण्यासाठी __फाइल__ या चलातून फोल्डरचा मार्ग काढायचा, त्याला साचे जोडायचे आणि ओपन करायचे, ही सवय सगळ्यांना असते. फोल्डरातून चालवताना ती बरोबर चालते. झिपमधून चालवताना __फाइल__चे मूल्य अहवाल.पीवायझेड/अहवाल/सीएलआय.पीवाय असे काहीसे येते, आणि अहवाल.पीवायझेड ही फाइल असल्यामुळे तिच्या ‘आत’ जाणारा असा मार्ग ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी अस्तित्वातच नसतो. ओपन त्यामुळे फाइल सापडत नाही असे सांगून थांबते.

याला उपाय म्हणजे फाइल पॅकेजच्या नावाने मागणे. पायथन ३.९ पासून इम्पोर्टलिब.रिसोर्सेस या मॉड्यूलमधले फाइल्स हे फंक्शन त्यासाठी आहे:

साचा = फाइल्स("अहवाल") / "साचे" / "तक्ता.एचटीएमएल"
मजकूर = साचा.रीड_टेक्स्ट(एन्कोडिंग="यूटीएफ-८")

पॅकेज फोल्डरात असो की झिपमध्ये, हा कोड दोन्हीकडे सारखाच चालतो. जिंजा२ वापरताना तर इतकेही करावे लागत नाही. फाइलसिस्टिमलोडरऐवजी पॅकेजलोडर वापरून त्याला पॅकेजचे नाव आणि साच्यांच्या फोल्डरचे नाव दिले की साचे झिपमधूनही वाचले जातात.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे फाइलीत कोणत्या रीतीने साठवली आहेत ते, प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहिणे मराठी मजकुराच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. लिनक्सवर ते न लिहिताही काम भागते, पण विंडोजवर पायथन बराच काळ त्या संगणकाचे जुने स्थानिक एन्कोडिंग गृहीत धरत आले आहे, आणि त्यात देवनागरी अक्षरे बसत नाहीत. आपल्या संगणकावर सुरेख दिसणारा ‘गावाचे नाव’ हा रकाना दुसऱ्याकडे अनाकलनीय चिन्हांचा होतो किंवा प्रोग्रॅमच थांबतो. एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या सीएसव्हीच्या आरंभी एक अदृश्य खूण असते, ती गाळण्यासाठी वाचताना यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग द्यावे. नाहीतर पहिल्या रकान्याचे नाव जुळत नाही आणि का जुळत नाही हे डोळ्यांना दिसतही नाही.

काही वेळा खरोखरची डिस्कवरची फाइलच लागते, उदाहरणार्थ एसक्यूलाइटचा डेटाबेस उघडायला किंवा बाहेरच्या एखाद्या प्रोग्रॅमला मार्ग द्यायला. त्यासाठी त्याच मॉड्यूलमध्ये अ‍ॅज_फाइल आहे. विथच्या गटात वापरल्यास ते गरज पडेल तेव्हा तात्पुरती फाइल काढून तिचा मार्ग देते आणि काम झाल्यावर ती पुसते. त्या तात्पुरत्या फाइलीत केलेले बदल अर्थातच टिकत नाहीत. झिपच्या आत काहीही लिहायचे नाही हा नियमच समजावा. नोंदी, सेटिंग, तयार झालेला अहवाल हे सर्व वापरणाऱ्याच्या होम फोल्डरात किंवा त्याने सांगितलेल्या जागी लिहावे.

ही सफाई झाल्यावर प्रोग्रॅम पुन्हा फोल्डरातून चालवून पाहावा. येथे तो बिघडला असेल तर दोष बांधणीत नाही हे लगेच कळते.

तिसरी पायरी: लायब्रऱ्या आत घेणे

मूळ फोल्डरात लायब्रऱ्या ओतू नयेत. बांधणी नावाचे वेगळे, रिकामे फोल्डर करावे, त्यात अहवाल हे पॅकेज आणि __मेन__.पीवाय यांची नक्कल ठेवावी, आणि मग लायब्रऱ्या त्याच फोल्डरात बसवाव्यात:

पायथन३ -एम पिप इन्स्टॉल --नो-कम्पाइल --टार्गेट बांधणी -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत लायब्ररीचे नुसते नाव न लिहिता दोन बरोबर-चिन्हे देऊन नेमकी आवृत्ती लिहावी, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा बांधताना वेगळेच काही आत येणार नाही. --नो-कम्पाइलमुळे __पायकॅश__ ही फोल्डरे तयार होत नाहीत. झिपमधून आयात करणारी यंत्रणा ती फोल्डरे बघतच नाही, त्यामुळे त्यांचे फक्त ओझे होते. आपल्या पॅकेजच्या नकलेतलीही ती काढून टाकावीत.

पिपने प्रत्येक लायब्ररीसोबत .डिस्ट-इन्फो असे शेपूट असलेले एक फोल्डर ठेवलेले दिसेल. ते काढले तरी बहुतेक प्रोग्रॅम चालतात आणि जागाही थोडी वाचते. मी ते ठेवतो. लायब्ररीचा परवाना त्यात असतो, आणि दुसऱ्याने मोकळेपणाने दिलेला कोड पुढे वाटताना त्याचा परवाना सोबत जाणे हे आपले कर्तव्य आहे. शिवाय काही लायब्रऱ्या आपली आवृत्ती किंवा आपले प्लगइन याच माहितीवरून शोधतात.

बांधणी फोल्डरात दिसेल ते सर्व, लपवलेल्या फाइलींसह, झिपअ‍ॅप आत घेतो. .एन्व्ह फाइलीतले पासवर्ड, .गिट फोल्डर, चाचणीसाठी वापरलेली खऱ्या लोकांच्या नावांची सीएसव्ही, यांपैकी काही त्यात राहिलेले नाही ना हे स्वतः पाहावे. झिप म्हणजे तिजोरी नव्हे, ती कुणालाही उघडता येते आणि कोड जसाच्या तसा वाचता येतो. वेगळे रिकामे फोल्डर वापरण्याचा आग्रह मुख्यतः याचसाठी आहे.

चौथी पायरी: बांधणे

पायथन३ -एम झिपअ‍ॅप बांधणी -ओ अहवाल.पीवायझेड -पी "/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३" -सी

-ओ नंतर तयार होणाऱ्या फाइलचे नाव येते आणि ही फाइल बांधणी फोल्डरच्या बाहेर असावी. -पी ने शेबँगची ओळ ठरते. -सी ने आतल्या फाइली संकोचित होतात. हा पर्याय ३.७ पासून आहे आणि तो न दिल्यास सर्व काही मूळ आकारातच साठवले जाते.

-पी दिल्यावर झिपअ‍ॅप फाइलला चालवण्याची परवानगीही देतो, पण ती फक्त मालकाला. सर्व्हरवर सामायिक जागी ठेवलेली फाइल तुम्हाला चालते आणि सहकाऱ्याला परवानगी नाकारली जाते, तेव्हा कारण बहुधा हेच असते. सीएचमॉड ए+एक्स अहवाल.पीवायझेड ही कमांड दिल्यावर ती सर्वांना चालवता येते.

आत काय गेले ते पाहण्यासाठी पायथन३ -एम झिपफाइल -एल अहवाल.पीवायझेड ही कमांड द्यावी आणि यादी शेवटपर्यंत वाचावी. शेबँग कोणता लागला आहे हे झिपअ‍ॅपला फाइलचे नाव आणि --इन्फो देऊन कळते. तो बदलायचा असल्यास पुन्हा सर्व बांधण्याची गरज नाही: फोल्डरऐवजी जुनी .पीवायझेड फाइल द्यावी, -ओ ने नवे नाव द्यावे आणि -पी ने नवा मार्ग. त्याच फाइलवर बदल करणे मात्र झिपअ‍ॅप नाकारतो.

पाचवी पायरी: परक्या जागी तपासणे

ज्या संगणकावर प्रोग्रॅम लिहिला तेथे जिंजा२ आधीच बसवलेली असते, त्यामुळे ती झिपमध्ये घ्यायची राहून गेली तरी तेथे सर्व काही चालते. तपासणी खरी व्हायची असेल तर एक कोरे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे बाहेरच्या लायब्रऱ्या नसलेली पायथनची वेगळी जागा, करावे (पायथन३ -एम व्हीएन्व्ह कोरे), .पीवायझेड फाइल प्रकल्पापासून दूर एखाद्या तात्पुरत्या फोल्डरात न्यावी आणि तेथून, त्या कोऱ्या एन्व्हायर्नमेंटच्या पायथनने चालवावी. केवळ मदतीचा मजकूर छापून समाधान मानू नये. खरी सीएसव्ही देऊन तक्ता तयार होईपर्यंत जावे, कारण साचा न सापडण्यासारखे दोष त्या टप्प्यावरच उघड होतात. नंतर __मेन__.पीवायने परत केलेला संकेतांकही पाहावा: चुकीची फाइल मुद्दाम देऊन एको $? केल्यावर शून्य येता कामा नये.

त्रुटी आलीच तर तिचा माग नेहमीसारखाच दिसतो, फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांकही बरोबर येतो, फक्त मार्गात झिपचे नाव मध्ये असते. त्यामुळे दोष शोधणे अवघड जात नाही.

विंडोजवर शेबँग आणि परवानगी यांचा प्रश्न येत नाही. पायथन डॉट ऑर्गवरून घेतलेल्या इन्स्टॉलरने लाँचर बसवलेला असेल तर .पीवायझेड फाइल दोनदा क्लिक करूनही चालते. टर्मिनलमधून पीवाय अहवाल.पीवायझेड असे लिहावे. खिडक्यांचा प्रोग्रॅम असेल आणि मागे काळी टर्मिनल खिडकी नको असेल तर शेपूट .पीवायझेडडब्ल्यू ठेवावे.

जेथे ही रीत थांबते

सी भाषेत लिहून संकलित केलेली मॉड्यूल, म्हणजे लिनक्सवरच्या .एसओ आणि विंडोजवरच्या .पीवायडी फाइली, झिपमधून आयात होत नाहीत. त्या स्मृतीत चढवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते आणि तिला त्यासाठी डिस्कवरची खरी फाइल लागते. म्हणून नमपाय, पांडाज, पिलो, एलएक्सएमएल यांसारख्या लायब्रऱ्या साध्या .पीवायझेडमध्ये चालणार नाहीत.

आपल्या उदाहरणातही याचा एक बारीक नमुना आहे. जिंजा२ला मार्कअपसेफ ही लायब्ररी लागते आणि तिच्यात वेग वाढवण्यासाठी सीमध्ये लिहिलेला एक भाग आहे. झिपमधून तो आयात होत नाही, पण मार्कअपसेफच्या लेखकांनी तेच काम करणारा शुद्ध पायथनमधला पर्याय सोबत ठेवला आहे आणि आयात फसल्यास तो आपोआप वापरला जातो. म्हणून अहवाल चालतो, मजकूर सुरक्षित करण्याचे काम थोडे सावकाश होते इतकेच. नवी लायब्ररी घेताना --टार्गेटने बसवल्यावर बांधणी फोल्डरात .एसओ किंवा .पीवायडी फाइली आहेत का हे शोधावे, आणि असल्यास त्यांच्यावाचून ती चालते का हे पाचव्या पायरीप्रमाणे तपासावे.

चालत नसेल तर शिव हे साधन पाहावे. लिंक्डइनमध्ये तयार झालेले हे साधन वरून तशीच .पीवायझेड फाइल बांधते, पण ती पहिल्यांदा चालवली की आतल्या लायब्रऱ्या वापरणाऱ्याच्या होम फोल्डरातल्या .शिव या फोल्डरात उलगडते आणि तेथून आयात करते. त्यामुळे संकलित मॉड्यूलही चालतात. बदल्यात दोन गोष्टी स्वीकाराव्या लागतात: पहिली खेप सावकाश होते, आणि लिनक्सवर बांधलेली फाइल विंडोजवर चालत नाही, कारण आतला संकलित भाग त्याच सिस्टिमचा असतो. ट्विटरमध्ये तयार झालेले पेक्स हे साधनही याच घराण्यातले असून त्यात पर्याय पुष्कळ आहेत; नवख्याने शिवपासून सुरुवात करावी असे मला वाटते.

या सर्व रीतींत घेणाऱ्याच्या संगणकावर पायथन असावेच लागते. ते नसेल आणि बसवणेही शक्य नसेल, तर इंटरप्रिटरसकट सर्व बांधणारे पायइन्स्टॉलरसारखे साधन घ्यावे लागते. त्याची फाइल बरीच मोठी होते आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी बांधावी लागते. काही किलोबाइटच्या कामासाठी सहसा ते करू नये.

नुसती मॉड्यूल बांधायची असतील तर

प्रोग्रॅम नसून केवळ इतरांनी आयात करावयाची मॉड्यूल द्यायची असल्यास __मेन__.पीवायची गरज नाही. पॅकेजची साधी झिप करावी आणि तिचा पूर्ण मार्ग पायथनपाथ या एन्व्हायर्नमेंट चलात किंवा कोडमध्ये सिस.पाथच्या यादीत घालावा. त्यानंतर इम्पोर्ट अहवाल नेहमीप्रमाणे चालते. पॅकेजचे फोल्डर झिपच्या थेट पहिल्या पातळीवर असले पाहिजे. फाइल मॅनेजरमधून झिप करताना बाहेरचे फोल्डरही आत जाते आणि मॉड्यूल सापडत नाही, म्हणून येथेही झिपफाइल -एलने यादी पाहावी. पासवर्ड घातलेली झिप आयातीसाठी चालत नाही.

अशा झिपमध्ये केवळ .पीवाय फाइली असतील तर पायथन दर वेळी त्या नव्याने संकलित करते, कारण संकलित रूप झिपमध्ये परत लिहिले जात नाही. लहान प्रोग्रॅमला ते जाणवत नाही. मोठ्या प्रोग्रॅमची सुरुवात रेंगाळत असेल तर बांधण्यापूर्वी पायथन३ -एम कम्पाइलऑल -बी बांधणी ही कमांड द्यावी, -बीमुळे .पीवायसी फाइली .पीवाय फाइलींच्या शेजारी तयार होतात आणि झिपमधून वाचल्या जातात. मूळ .पीवाय फाइली मात्र काढू नयेत. .पीवायसी पायथनच्या त्या आवृत्तीपुरतीच असते, आणि घेणाऱ्याकडे दुसरी आवृत्ती असली की .पीवायवरच काम भागवावे लागते.

पीएचपीत काम करणाऱ्यांना हीच सोय ‘फार’ (पीएचएआर) या नावाच्या स्वरूपात मिळते. ते २००९ सालच्या ५.३ आवृत्तीपासून भाषेतच अंतर्भूत आहे आणि कंपोजर हे पॅकेज साधन कंपोजर.फार या एकाच फाइलीत वाटले जाते. तेथे फार फाइल बांधताना परवानगी नाकारली गेली तर पीएचपी.आयएनआयमधले फार.रीडओन्ली हे सेटिंग पाहावे. ते मुळात चालू असते, आणि बांधणाऱ्या संगणकावर तेवढ्यापुरते बंद करावे लागते: पीएचपी -डी फार.रीडओन्ली=० असे लिहून पुढे बांधणीच्या स्क्रिप्टचे नाव दिले की सेटिंगच्या फाइलीला हात लावावा लागत नाही.